चाळीस दिवसांचा खोटा उपास

आत्ता जिथे बसला आहात तिथेच एक काम करा. हात स्वच्छ धुवा, मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून बघा. जातात? मग देवाचे आभार माना आणि पुढे वाचा. जात नसतील तर आधी डॉक्टरकडे जा, हे पान कुठं पळून जात नाही. माझी दीड बोटं जात होती, आणि मी ते पाच महिने कोणाला सांगितलं नाही.

मी विल्सन. वय बावन्न, राहणार पांढुर्णा. संत्र्याचे बगीचे पाहणं हा माझा धंदा. व्यापारी मला सोबत नेतात, मी झाडाझाडातून एक चक्कर मारतो आणि माल किती निघेल, कसा निघेल ते सांगतो. नुसत्या सालीवरून आतली फोड सुकी आहे की रसाची ते मी ओळखतो, अशी माझी पार सौंसरपर्यंत ख्याती. आणि हा एवढा शहाणा माणूस रोज आरशात दाढी करायचा, पण स्वतःच्या गालाची आतली बाजू बघत नव्हता. बघितली असती तर कळलं असतं, म्हणूनच बघत नव्हता.

दुसरी ओळख म्हणजे मी ख्रिस्ती, आणि आमच्या लहानशा मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पंच. पंच म्हणजे पाळकसाहेबांच्या, म्हणजे पास्टरांच्या, सोबतीनं मंडळीची देखरेख करणारा. तरुणांच्या सभेत व्यसनांवर बोलायचं काम दरवर्षी माझ्याकडे असायचं. काय बोलायचो बाप्पा! बाया डोळे पुसायच्या. बोलून झालं की मोटरसायकल काढायची, जाम नदीचा पूल ओलांडायचा आणि सावरगावच्या पानठेल्यावर जाऊन खर्रा घ्यायचा, कारण पांढुर्ण्याच्या ठेल्यावर मंडळीतलं कोणी भेटलं असतं.

खर्रा म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, त्याची पुडी. आमच्या धंद्यात तर त्याला मान आहे. बगीच्याचा सौदा ठरला की बगीचेवाला आणि पाहणारा एकाच पुडीतून चिमूट घेतात. चहा नसला तरी चालतो, खर्रा लागतो. सौंसरजवळच्या माझ्या मित्राला, गुणवंताला, पहिली चिमूट मीच दिली होती. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, "अबे घे, नाहीतर सौदा पक्का कसा होईल?" त्याला आता चौदा वर्षं झाली.

एक 'हो'

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे आमचा उपासकाळ. कोणी मटण सोडतं, कोणी चहा सोडतं, कोणी शुक्रवारी एकच वेळ जेवतं. त्या वर्षी उपासकाळाच्या पहिल्या रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा होता आणि नंतर सगळ्या मंडळीचं जेवण. वांग्याची झणझणीत भाजी होती. पहिला घास गालाला लागला आणि कोणी आत निखारा ठेवल्यासारखी आग झाली. मी ताट बाजूला सारलं.

आमच्या मंडळीत सगळ्यात म्हातारी शांताआत्या. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"काऊन रे विल्सन, जेवून नाही राहिला?"

"उपास धरलाय आत्या."

"पुरे चाळीस दिवस?"

"हो."

एक 'हो' निघून गेलं आणि मला वाटलं, सुटलो. सुटतो कसला! पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुलपिटवरून, उपदेशाच्या चौथऱ्यावरून, माझं नाव घेतलं. "आपले विल्सनभाऊ बघा. चाळीस दिवस तिखट नाही, मीठमसाला नाही, दूध-केळं आणि प्रार्थना." मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. माझं वजन उतरत चाललं होतं, तर शांताआत्या म्हणाली, "चेहऱ्यावर तेज आलं पोराच्या." खरं सांगतो, मला ते आवडलं. गाल आतून सडून राहिला होता आणि मी बाहेरून पवित्र होऊन राहिलो होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते माझ्यापुरतं राहिलं असतं. पण उपासकाळ अर्धा झाला तेव्हा मी गुणवंताच्या बगीच्यात गेलो. त्यानं पुडी पुढे केली, मी नको म्हटलं. तो चकित झाला.

"माह्या बी तोंडात पांढरं पांढरं दिसून राहिलं बे," तो म्हणाला. "तिखट लागलं का आग होते. दवाखान्यात जाऊ काय?"

आणि मी, मंडळीचा पंच, त्याला म्हणालो, "काही होत नाही. मलेही तसंच झालं होतं. उपास धरला, प्रार्थना केली, उतरलं. तू बी चाळीस दिवस दूध-केळ्यावर राहून पाय. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात."

असं का बोललो ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तो डॉक्टरकडे गेला असता तर परत येऊन म्हणाला असता, विल्सन, तूही चल. मला जायचं नव्हतं, म्हणून मी त्याला थांबवलं. गुणवंता माझ्या धर्माचा नाही, पण माझ्या शब्दावर त्याचा देवासारखा भरवसा. त्यानं दुसऱ्याच दिवशी उपास धरला.

ईस्टरची सकाळ

पहाटेची भक्ती करून आम्ही घरी आलो. सगळे एकमेकांना 'प्रभू उठला आहे' म्हणून राहिले होते, मीही म्हणत होतो. माझी बायको मंगला प्राथमिक शाळेत शिकवते. तिनं चहा आणि पाव पुढे ठेवला. उपास सुटला होता, आता न खाऊन काय सांगणार? मी पाव चहात बुडवून कसाबसा आत ढकलला, आणि कपातल्या चहावर लाल धागा तरंगला.

मंगलानं कप बघितला, मग मला बघितलं. वर्गातल्या पोराची धरावी तशी तिनं माझी हनुवटी धरली.

"तोंड उघडा."

"उघडत नाही," मी म्हटलं.

कितीतरी महिन्यांतलं माझं ते पहिलं खरं वाक्य. ती ओरडली नाही, रडली नाही. उठून तिनं शाळेत दोन दिवसांच्या रजेचा फोन लावला.

खिसे

नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीण बाई वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी गालात बॅटरी मारली आणि विचारलं, "काका, खर्रा किती?"

"कधीमधी," मी म्हणालो. "सणासुदीला."

शेजारी बसलेली मंगला शांतपणे म्हणाली, "दिवसाला चार पुड्या. चौदा वर्षं यांचे खिसे मी धुते, मॅडम."

मला वाटलं जमीन फाटावी. चौदा वर्षं मी लवंग चघळून घरात शिरत होतो, आणि चौदा वर्षं ती खिशाच्या शिवणीतला सुपारीचा भुगा झटकून कपडे भिजवत होती. झाकली मूठ म्हणतात ना, माझी मूठ झाकलेली नव्हतीच, फक्त समोरचं माणूस डोळे मिटून होतं.

गालाचा तुकडा तपासायला गेला. आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सर. त्या बाईंनी शब्द फिरवला नाही, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. "लवकर आलात असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण वेळेत आलात. ऑपरेशन होईल, मग रेडिएशन. बरे होऊ शकता."

मला मात्र पहिला शब्दच ऐकू आला होता. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो, आणि येणारेजाणारे बाजूनं निघून जात होते.

परतीच्या गाडीत मंगला खिडकीकडे तोंड करून बसली. काटोल गेलं. नरखेड आलं तेव्हा म्हणाली, "मला तुमचा राग कमी आणि माझा जास्त येऊन राहिला. मी खिसे झटकत राहिली अन् बोलली नाही. मंडळीत तुमचं नाव होतं, म्हणून मीही झाकलं." मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो काढून घेतला आणि पांढुर्णा यायच्या थोडं आधी परत दिला.

कॉट नंबर अकरा

ज्यांना हे ऑपरेशन करायचं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. भीती ऑपरेशनची वाटते, पण खरा कस नंतर लागतो. जाग आली तेव्हा माझा अर्धा गाल माझा नव्हता. मांडीचं कातडं तिथे बसवलं होतं. नाकात नळी. सकाळी सहाला नळीतून दूध, नऊला पातळ वरण, बाराला ताक, पुन्हा दूध. चव कशाचीच नाही. तोंडातून लाळ गळायची ती थांबायची नाही. मला त्याची भयंकर लाज वाटायची. पहिल्या दिवशी मी तोंड भिंतीकडे वळवलं, तर वॉर्डातली मावशी रुमाल घेऊन त्या बाजूला आली. म्हणाली, "लाजता काऊन? लाळ तर लेकराची बी गळते. लेकरू मोठं होतेच ना?" त्या बाईनं दिवसातून वीसदा माझं तोंड पुसलं असेल, आणि एकदाही नाक मुरडलं नाही.

बोलता येत नव्हतं. मंगलानं शाळेतली लिहून पुसायची पाटी आणून दिली.

भेटायला येणारे मात्र बोलायचे. "देवाची परीक्षा आहे हो." "देवाची इच्छा." "भल्या माणसालाच भोगावं लागते." माझं डोकं फिरायचं. देवानं काय माझा हात धरून मला पूल ओलांडून नेलं होतं? पुडी काय आभाळातून पडली होती? स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मी मारली आणि नाव देवाचं! पाटीवर लिहावंसं वाटायचं, पण लिहीत नव्हतो. कारण तेवढं खरं लिहिलं असतं तर पुढचंही लिहावं लागलं असतं.

ऑपरेशनला नेताना मला प्रार्थनाच आली नव्हती. आयुष्यभर मंडळीसमोर लांबलचक प्रार्थना केलेला माणूस मी, पण ट्रॉलीवर आडवा झालो आणि सगळे शब्द सरले. शेवटी मनात एवढंच म्हटलं: प्रभू, माझी चूक आहे, तरी ये. आणि तो आला. ते कसं ते मला विचारू नका, मला समजावता येणार नाही. छाती मोकळी झाली एवढं खरं. त्या क्षणी मला कळलं की आजवर मी देवासमोर जो माणूस उभा करत होतो तो मी नव्हतोच कधी, म्हणून देवाला तिथं कोणी भेटलंच नव्हतं.

गुणवंताचा निरोप

सौंसरच्या लोकांना मी फोनवर लिहून कळवलं होतं: दाढेचं छोटं ऑपरेशन आहे, काळजी नको. मंगला म्हणाली होती, "मी खोटं बोलणार नाही. तुमचं तुम्ही लिहा." ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी गुणवंताचा आवाजाचा निरोप आला. मी फोन कानाला लावला.

"विल्सन, कशी हाय बे दाढ? माहे आज चाळीस पुरे झाले. तुह्या येशूबाबाले बी रोज हात जोडले. आग थोडी कमी वाटते, पण आतून गाठीवानी लागून राहिलं. सुनंदा म्हणते दवाखान्यात चला, मी म्हटलं विल्सननं सांगतलं तसंच करीन. अजून चाळीस धरू काय? तू सांग."

मी तो निरोप तीनदा ऐकला. माझ्या शेजारच्या कॉटवर ज्यांना उशीर झाला होता त्यांचे हाल मी रोज बघत होतो. मी लिहून पाठवलं, 'डॉक्टरकडे जा, लगेच.' त्याचं उत्तर आलं, 'काऊन? तुह्यं तर उतरलं ना?' पुढे लिहायला माझी बोटं चालली नाहीत. उतरलं नाही, मी खोटं बोललो, एवढंच लिहायचं होतं.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. प्रार्थना करायला त्यांनी डोळे मिटले, तेवढ्यात मी पाटीवर लिहिलं, 'उपास खोटा होता.' त्यांनी डोळे उघडले, वाचलं. मी पुसायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू द्या. पुढे लिहा."

मी सगळं लिहिलं. पाटी चारदा भरली. गुणवंताचंही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'देव मला क्षमा करेल?'

पाळकसाहेबांनी पाटी आपल्या मांडीवर घेतली. मग म्हणाले, "विल्सनभाऊ, देवाची दया तुम्ही मागायच्या आधीच निघालेली असते, त्याची काळजी नको. पण गुणवंताला खरं सांगायला देव सौंसरला जाणार नाही. ते तुमचं काम." मग ते म्हणाले, "आणि माझंही चुकलं. माणूस वाळत चाललेला मला दिसत होता. मी विचारपूस केली नाही, पुलपिटवरून कौतुक केलं. त्याचा जबाब मला द्यायचा आहे."

मी लिहिलं, 'डिस्चार्ज झाला की जातो. तोंडानं सांगतो.'

"तोंडानं?" त्यांनी माझ्या पट्ट्यांकडे बघितलं.

मी मान हलवली. खोटं तोंडानं सांगितलं होतं, तर खरं लिहून कसं चालेल?

बगीच्यात

चार दिवसांनी सुट्टी मिळाली. भाड्याच्या गाडीवाल्याला मी पाटी दाखवली, 'आधी सौंसर.' मंगलानं ड्रायव्हरला रस्ता समजावून दिला.

मे महिन्याचं ऊन. थंडीत फुललेल्या आंबिया बहाराची फळं झाडावर लिंबाएवढी झाली होती. गुणवंता पाणी सोडून राहिला होता. मी गाडीतून उतरलो. नाकात नळी, एक गाल फुगलेला, गळ्यापर्यंत टाके. त्याच्या हातातलं फावडं तिथंच गळालं.

"अबे... ही दाढ हाय?"

माझी जीभ जड, गालाचं कातडं परकं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "कॅन्सर आहे. उपास खोटा होता. तोंड उघडत नव्हतं म्हणून जेवत नव्हतो. तुलाही खोटं सांगितलं. तू डॉक्टरकडे गेला असता तर माझं उघडं पडलं असतं, म्हणून. पहिला खर्राही मीच दिला. चूक माझी आहे, गुणवंता. सगळी."

त्याची बायको सुनंदा खाटेजवळ उभी होती. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, आम्ही तर तुमच्या भरवशावर होतो." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गुणवंताचा चेहरा लाल झाला. "चाळीस दिवस," तो म्हणाला. "चाळीस दिवस म्या दूध-केळं खाऊन काढले. निघ. माह्या बगीच्यातून निघ. आजपासून तू अन् मी खतम."

"निघतो. तू गाडीत बस."

"निघ म्हटलं ना!"

"तू बसल्याबिगर हलत नाही." आणि मी तिथंच झाडाच्या ओल्या आळ्यात बसकण मारली. नळी सांभाळत, टाके सांभाळत. मंगला ओरडली, "अहो, मांडीच्या जखमेला पाणी लागेल!" लागू दे म्हटलं. त्यानं मला हाकलायला हात उचलला, पण असल्या माणसाला धरायचं तरी कुठं? त्यानं हात खाली घेतला. मला दिसलं की त्याच्या डोळ्यांत रागाच्या खाली भीती होती. माझ्या डोळ्यांत तीच घेऊन मी पाच महिने फिरलो होतो.

सुनंदा घरात गेली आणि त्याचा धुतलेला शर्ट घेऊन आली. "भांडण वापस आल्यावर करा," ती म्हणाली. "घाला हा."

गाडी नागपूरला माघारी वळली. दुपारी तीनला त्याच डॉक्टरीण बाईंनी दार उघडलं आणि सकाळी सोडलेला पेशंट दारात बघून त्या दचकल्या. "काका, काय झालं? टाके?"

मी गुणवंताला पुढे ढकललं आणि त्याच्या गालाकडे बोट केलं.

उत्तर

त्याचाही तुकडा तपासायला गेला. ते आठ दिवस मी स्वतःच्या रिपोर्टला घाबरलो नव्हतो तेवढा घाबरलो. निकाल आला: अगदी सुरुवात. बोराएवढी जागा काढावी लागली, रेडिएशनही नको. "अजून दोन-तीन महिने घालवले असते तर वेगळंच बोलावं लागलं असतं," बाई सुनंदाला म्हणाल्या. सुनंदानं हे मंगलाला फोनवर सांगितलं आणि मंगला स्वयंपाकघरातच खाली बसून रडली. मी पाटीवर लिहिलं, 'हालेलुया', आणि मग लाज वाटून त्याखाली लिहिलं, 'त्याला विचार, दुखतं का.'

गुणवंता मात्र माझ्याशी बोलला नाही. उरलेला उन्हाळा, पूर्ण पावसाळा. मला सहा आठवडे नागपुरात ठेवून रेडिएशन दिलं. तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलाला बांधतात. पहिल्या दिवशी जीव गुदमरतो, पुढे सवय होते. तोंड आतून सोलून निघतं. मंगला शाळा करून, दोन गाड्या बदलून यायची, आणि तिच्या टिफिनच्या डब्यातून माझ्यासाठी गार पेज. आमची भांडणंही झाली. एकदा मी तिच्यावर वाटी फेकली. तिनं ती उचलली, धुतली, पुन्हा भरली आणि म्हणाली, "आता ही फेकली तर मी फेकीन." मी मुकाट्यानं प्यालो.

त्या दिवसांत मला एक कळलं. देवाकडे क्षमा मागणं कधी कधी सोपं असतं, कारण तो रस्त्यात भेटत नाही. गुणवंताकडून ती मागून मिळाली नव्हती आणि तगादा लावायचा मला हक्क नव्हता. माणसाला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण आपल्या जागी उभं राहायचं, पळायचं नाही.

कार्तिकात माझी तपासणी झाली. गाल साफ, गळा साफ. डॉक्टरीण बाईंनी टाळी वाजवली, खरोखर, केबिनमध्ये! तोंडात अडीच बोटं जायला लागली होती. जबड्याचा व्यायाम रोज करतो, रडत रडत करतो, पण करतो. घरी आलो आणि मंगलानं वरणभात केला. मी पूर्ण घास चावून खाल्ला. तूप, मीठ, हिंग, सगळं वेगवेगळं लागलं. असं जेवण जन्मात जेवलो नव्हतो.

साक्ष

आमच्यात बरं झालेला माणूस उपकारस्तुतीच्या भक्तीला उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवानं काय केलं ते मंडळीला सांगतो. लोकांनी माझी साक्ष माझ्या आधीच तयार केली होती. विल्सनभाऊंच्या उपासानं देव प्रसन्न झाला आणि कॅन्सर पळाला! शांताआत्या तर पुढच्याच बाकावर बसली होती, डोळे पुसायला पदर तयार.

भक्तीच्या आधी मी पंचपदाचा राजीनामा पाळकसाहेबांच्या हातात दिला. मग उभा राहिलो. माझं बोलणं आता थोडं बोबडं आहे, ते तसंच राहणार.

"मी चाळीस दिवसांचा उपास धरलाच नव्हता," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं. खर्रा, पूल, लवंग, खिसे, ते एक 'हो'. गुणवंताचं नाव न घेता त्याचं सांगितलं. "देवानं मला वाचवलं," मी म्हटलं, "हे खरं आहे. हा आजार मी स्वतः आणला, हेही खरं आहे. त्याच्या दयेनं माझा दोष पुसला, पण मी केलेलं काम माझ्याऐवजी दुसऱ्यानं निस्तरावं असं तो सांगत नाही. ज्यांना मी फसवलं त्या सगळ्यांची मी माफी मागतो. आत्या, तुझी पहिली." शांताआत्यानं पदर तोंडाला लावला. रडत होती की रागावली होती ते कळलं नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "म्या बोलू काय?"

गुणवंता होता. पांढरा सदरा, शेजारी सुनंदा. मंगलानं त्यांना बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. तो येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. पाळकसाहेबांनी हातानं या म्हटलं, पण तो पुढे आला नाही, दारातच चपला काढून उभा राहिला.

"मी तुमच्यातला नोहो," तो म्हणाला. "मले तुमची रीत नाही मालूम. पण यानं नाव नाही घेतलं तो मी होय. या माणसानं खोटं सांगून मले मारलंच होतं. अन् नाकात नळी घालून चिखलात बसून यानंच मले वाचवलं. सहा महिने मी इचार केला, यातलं कोनतं धरू. एक सोडाले गेलो का दुसरं खोटं पडते." त्यानं माझ्याकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "तुमच्या देवाले सांगान तं दोन्ही सांगा. एकच सांगू नोका."

सगळ्या मंडळीच्या माना दाराकडून माझ्याकडे वळल्या. मी उभ्याउभ्या म्हटलं, "हाव. दोन्ही."

आणि मंगला बाकावरून उठून मोठ्यानं म्हणाली, "आमेन." तिच्यामागून शांताआत्या म्हणाली, मग पाळकसाहेब, मग सगळी मंडळी, आणि गुणवंतानं दारातून विचारलं, "हे म्या बी म्हनाचं हाय काय?"